निर्मक्षिक गोठा

१२ सप्टेंबर १९६३
आरोग्य खात्याचे कृष्णमूर्ती आले होते. म्हैसूरच्या आमच्या सरस्वतीपुरमात वाळूमाशी वाढली म्हणे. डासाहून बारीक, चावते गुपचूप, ताप देते. गोठ्यात एरंडेल फासलेला कागद टांगून गेले. वर्षभर दर महिन्याला टांगणार. पुढच्या पावसाळ्यातही माशा चिकटल्या, तर आमच्या नंदा गाईने लेआउट, म्हणजे ही वसाहत, सोडायचे. नंदा हलणार नाही. संस्कृतात 'निर्मक्षिक', एकही माशी नसलेला, असा सुरेख शब्द आहे. गोठा तसा करून दाखवीन.

१३ सप्टेंबर
कागद तीळ लावलेल्या भाकरीसारखा. धूळ असावी. कृष्णमूर्ती भिंगातून बघून म्हणाले, धुळीला पंख नसतात सार.

२० सप्टेंबर
उपाय सापडला. दर शुक्रवारी भिंती शेणाने सारवणे, जाड थर. कृष्णमूर्ती म्हणतात, ओल्या शेणामातीतच ती अंडी घालते, सिमेंट करा. शेणाची पवित्रता त्यांच्या सिलॅबसमध्ये नसावी. आमची इंदिरा म्हणाली, अहो, सुम्मने बसा, अगदी गप्प, नंदाला वरुण्याला माझ्या भावाकडे पाठवू, तिथे ऊस आहे. माहेर निघाले की हिला ऊस दिसतो.

११ ऑक्टोबर
सारवण चुकले. पाठ धरली. पुढल्या शुक्रवारी दुप्पट.

८ जानेवारी १९६४
कागद कोरा! बेळगावच्या साप्ताहिकाला ताबडतोब वार्तापत्र धाडले: 'म्हैसुरात एका गृहस्थाने शेणाने रोगट माशी हटवली.' विनयाने नाव दिले नाही; पत्ता दिला. कृष्णमूर्ती म्हणतात, थंडीत ती सगळीकडेच कमी होते. दुसऱ्याच्या यशाचे श्रेय हवेला देणारी माणसे असतातच.

२ मार्च
शेजारच्या नरसिंहमूर्तींनी गोठ्याला सिमेंट केले. त्यांचाही कागद कोरा. माझ्या शेणाचा वारा लागला असणार.

१९ जून
पावसाने ओल आली. कागद काळाभोर. एरंडेल भेसळीचे. आज स्वतः मच्छरदाणी लावून गोठ्यात झोपणार. माणूसच पुरावा.

२० जून
अंगभर गांधी उठल्या. घामोळे. इंदिरा म्हणाली, ती माशी जाळीतून आत शिरते हे कृष्णमूर्तींनी सांगितले होते, तेव्हा तुमचे भाषण चालू होते.

२४ जून
ताप. आंबे बाधले. मेहुणे फत्तेसिंगराव येऊन नंदाला घेऊन गेले. मी अंथरुणातून कडक विरोध केला. ते म्हणाले, भावोजी, कांजी गार होतेय. नंदाने मागे वळूनही पाहिले नाही. वार्तापत्रात 'हवापालट' लिहीन.

३ जुलै
ताप उतरला. रिकाम्या गोठ्यातला कागद जवळजवळ स्वच्छ. शब्द खरा केला. तसे कृष्णमूर्तींना ठणकावले. त्यांनी मान डोलावली आणि विचारले, गाय नसली की ती जवळपास दुसरे कोणी शोधते, तुम्ही कुठे झोपता सार? म्हटले, गोठ्याला लागूनच्या खोलीत. त्यांनी नवा कागद माझ्या उशाशी टांगला.

४ जुलै
उशाचा कागद, पुन्हा तीळ लावलेल्या भाकरीसारखा, नेताना कृष्णमूर्तींनी प्रथमच माझे आभार मानले. इंदिरेने आपले अंथरूण मधल्या खोलीत हलवले.