परिशिष्टाची एकतीस पानं

आबा,

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. घरातलं काय बरं-वाईट असेल ते तुमच्या फोटोसमोर उभं राहून सांगायची सवय लागली आहे. ही एक गोष्ट मात्र तशी सांगता आली नाही. दोनदा फोटोसमोर गेले आणि दोनदा काचेवरची धूळ पुसून परत आले. म्हणून आज लिहायला बसलेय.

मी आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात छपाईच्या काउंटरवर असते. छपाई म्हटल्यावर तुम्ही हसला असता. शिशाच्या अक्षरांचे खिळे नाहीत, शाई नाही, हात काळे होत नाहीत. पोरं येतात, आपल्या कार्डाचा नंबर टाकून कॉम्प्युटर उघडतात, पेन ड्राइव्ह लावतात, फाइल छपाईला पाठवतात. ती माझ्या स्क्रीनवर रांगेत येऊन थांबते. कोणाची, किती पानं, एका बाजूनं की दोन्ही बाजूंनी, एवढं बघून मी ती सोडते आणि मागचं मशीन पानं टाकायला लागतं. भिंतीवर सूचना चिकटवलेली आहे: फाइल पीडीएफ करून आणावी, आधी एकच पान काढून नीट पाहावं, मगच बाकीची काढावीत. ती सूचना माझ्याच हातची आहे.

मार्च महिन्यातली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास एक बाई धापा टाकत आल्या. चाळिशीच्या असतील. पदर खोचलेला, खांद्याला शाळेची असते तशी मोठी पिशवी. माढा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मोडनिंबहून एसटीनं आलेल्या. वाटेत गाडी बंद पडली म्हणून दोन तास रस्त्यावर गेले होते. "मॅडम, माझा प्रबंध काढून द्या की," त्या म्हणाल्या. "पाचला खिडकी बंद होतीय. दोनदा मुदतवाढ घेतलीय मी. आज गेलं तर नोंदणीच रद्द." असं म्हणताना त्यांचा आवाज इतका साधा होता की मला जास्त भीती वाटली. आठ वर्षं शाळा सांभाळून त्यांनी हे काम केलं होतं. सोलापुरातल्या बंद पडलेल्या गिरण्यांमध्ये काम केलेल्या बायकांना शोधून, त्यांच्या घरी बसून त्यांचं बोलणं लिहून घेतलेलं. प्रबंध एकशे अठ्ठ्याण्णव पानांचा, आणि शेवटी त्या बायकांच्या मुलाखती, म्हणजे परिशिष्ट, एकतीस पानं. अशा चार प्रती.

रांगेत सात-आठ जण होते. मी त्यांना थांबवलं आणि बाईंची फाइल पुढे घेतली. पहिलं पान काढून बघितलं, स्वच्छ आलं. चार प्रती सोडल्या. मशीन धडधडायला लागलं, बाई गठ्ठे उचलून पिशवीत लावायला लागल्या. मग परिशिष्टाची फाइल. ती वेगळी होती, मोडनिंबच्या एका टायपिंगवाल्यानं जुन्या फॉन्टमध्ये केलेली, आणि पीडीएफ नव्हती. मी ती उघडली तशी स्क्रीनवर एक चौकट आली. चार ओळी होत्या त्यात. रांगेतला एक जण "मॅडम, माझं कधी?" म्हणत होता, बाई भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या. मी ती चौकट वाचली नाही. ओके दाबलं. परत तीच चौकट आली. मी परत दाबलं. एक पान काढून बघायचं, तेही या फाइलसाठी केलं नाही. मध्ये एकदा कागद अडकला, तो ओढून बाजूला टाकला आणि पुढे चालू केलं. पावणेचारला सगळं हातात आलं. बाईंनी माझा हात धरला, सोडला, आणि गेटसमोरच्या बाइंडिंगच्या दुकानाकडं जवळजवळ पळत गेल्या.

रांग पुढे सरकवण्याआधी मी टेबल आवरत होते. तो अडकून चुरगळलेला कागद टोपलीत टाकायला उचलला. तुमची सवय, आबा. तुमच्या प्रेसमधले वाया गेलेले कागद तुम्ही घरी आणायचा, आई ते शिवून वह्या करायची, आणि मी कुणाच्या तरी लग्नपत्रिकांच्या पाठीवर गणितं सोडवायची. त्यामुळं चुरगळलेला कागद मी आधी सरळ करते. सरळ केला आणि बघितलं. पान वाचता येत होतं, पण मधे मधे चौकोन होते, रिकामे, छोटे, काळ्या कडेचे. मशीनला तो फॉन्ट सापडला नव्हता, त्यानं त्याच्याच जातीचा दुसरा कुठला तरी घेतला होता, आणि त्यात काही जोडाक्षरंच नव्हती. मी न वाचलेली चौकट हेच सांगत होती. 'न्ह' नव्हता. कोणी एक म्हातारी सांगत होती, मुकादमानं कोऱ्या कागदावर अंगठा मागितला तेव्हा ती काय म्हणाली ते. "मी म्हनलं, देनार" आणि पुढं चौकोन, त्याला लागून "ाय". त्या बायका अशाच बोलतात, आपल्या घरात बोलायचे तसं. न्हाय, न्हाय, न्हाय. त्या पानावर सगळीकडं चौकोन. आणि हे एक पान अडकलं म्हणून मला दिसलं. बाकीची गठ्ठ्यात घालून गेली होती.

पुढच्या दोन-तीन मिनिटांचं खरं सांगते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की परिशिष्ट कोण वाचतं. परीक्षक मागचं पान उलटून बघतात, पानं किती ते बघतात. बाईंना आता सांगितलं तर त्यांचा वेळ जाईल, घाबरतील, पाच चुकतील. न सांगणं हेच त्यांच्या भल्याचं आहे, असं मी स्वतःला जवळजवळ पटवलं. कागद टोपलीत टाकलासुद्धा. पुढच्या पोराची फाइल उघडली. आणि त्याचं नाव टाइप करता करता मला ती लग्नपत्रिका आठवली.

मी तेरा वर्षांची होते. नव्या पेठेमागच्या बोळातला तुमचा प्रेस. तुम्ही स्टुलावर बसून खिळे जुळवायचा, डोळे कागदावर आणि बोटं आपोआप खणाखणांतून फिरायची. शाळा सुटली की मी तिथं यायची आणि तुम्ही मला मूळ कागद आणि प्रूफ देऊन अक्षर अन् अक्षर ताडून बघायला सांगायचा. मोडनिंबजवळच्या एका घरातली पत्रिका होती. आधीच्या कुणाच्या तरी पत्रिकेतली एक ओळ तशीच उचलून वापरली होती, आणि तिच्यातलं 'कै.' राहून गेलं, नेमकं वधूच्या वडिलांच्या नावाआधी. जिवंत माणूस. मी प्रूफ बघितलं होतं, खाली माझी बरोबरची खूणही होती. गठ्ठा गावाला गेल्यावर तुमच्या ध्यानात आलं. प्रेसचा मालक म्हणाला, एका अक्षराचं काय, पेनानं खोडा म्हणावं. तुम्ही रविवारी एकटे बसून सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या आणि सोमवारी मला शाळेत न पाठवता म्हणाला, "चल. तू बी येणार हाईस."

एसटीत तुम्ही गठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता. त्या घरी पोचलो तर तो माणूस ओसरीवर शेंगा फोडत बसलेला, गळ्याला मफलर, नुकताच आजारातून उठलेला. त्याच्या बायकोनं पत्रिका पाहिल्या होत्या. तिनं त्याला सांगितलंच नव्हतं, गठ्ठा धान्याच्या कणगीमागं लपवून ठेवला होता आणि दोन दिवस जेवली नव्हती. तुम्ही हात जोडलेत. मला वाटलं, आता तुम्ही सांगाल. तर तुम्ही मला पुढं केलंत आणि म्हणालात, "बोल."

मी बोलले. माझ्याकडनं चुकलं, मी नीट वाचलं न्हाय. त्या माणसानं पत्रिका हातात घेतली, डोळ्यांजवळ धरली, बराच वेळ बघितली. मग हसला. "म्या तर हितंच हाय की पोरी," म्हणाला. त्याची बायको मात्र हसली नाही. माझ्याकडं बघत राहिली. परत येताना मी एसटीच्या खिडकीशी रडत होते आणि तुम्ही म्हणालात, "मारलं असतं तर इसरली असतीस." मी तुमच्याशी कितीतरी दिवस नीट बोलले नाही. मोठ्या माणसानं पोराला असं परक्यासमोर उभं करावं का, हा राग मला लग्न होईपर्यंत होता. थोडा अजूनही आहे.

तर मी उठले. बाईंचा नंबर रजिस्टरमध्ये होता, फोन लावला, उचलला नाही. लावला, उचलला नाही. चार वाजायला तीन मिनिटं. तेवढ्यात दिसलं, कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह तसाच लागलेला, घाईत विसरून गेलेल्या. मी तो उघडला. त्यात फाइलींचं रान होतं, शाळेची हजेरी, पोषण आहार, कुणाच्या तरी वाढदिवसाचे फोटो, आणि सगळ्यात खाली टायपिंगवाल्यानं केलेली परिशिष्टाची पीडीएफ. एक पान काढलं. 'न्हाय' आला. सगळीकडं आला. एकतीस पानं, चार प्रती सोडल्या आणि मशीनजवळ उभी राहून एकेक पान बाहेर येईल तसं वाचलं, बोट फिरवत, तुम्ही शिकवलं तसं. मागं रांगेत आरडाओरडा चाललेला. "मॅडम, हे काय चाललंय?" "आमी काय बिनकामाचे बसलोय व्हय?" मी काउंटरवर 'दहा मिनिटांत येते' असा कागद ठेवला, गठ्ठा छातीशी धरला आणि निघाले. ग्रंथालयापासून गेट किती लांब आहे ते मला त्या दिवशी कळलं. उन्हात चप्पल तुटली, ती हातात घेतली.

दुकानात तीन प्रतींना स्पायरल लागलेलं, चौथीला भोकं पडत होती. बाईंनी मला बघितलं आणि त्या पुढं आल्या. "काय झालं?"

"शेवटची एकतीस पानं बदलायचीत. सगळ्या प्रतींतली."

दुकानदार म्हणाला, "आता स्पायरल काढायचं म्हंजे, मॅडम, लई वेळ जाईल."

"काढा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी एक प्रत ओढून घेतली, मागचं पान उघडलं आणि बघितलं. त्यांचं बोट एका चौकोनावर थांबलं, मग दुसऱ्यावर. "ह्या आज्जी वारल्या मागच्या वर्षी," त्या म्हणाल्या. "मी त्यांना वाचून दाखवीन म्हणले होते." आणि मान वर करून मला विचारलं, "पण हे झालं कसं? माझ्या फाइलीत तर बरोबर होतं."

मी म्हणाले, "मशीनमुळं झालं. फॉन्ट उडाला."

दुकानदारानं स्पायरल कापून काढलं, आम्ही दोघींनी जमिनीवर बसून पानं लावली, एक प्रत त्यांनी, एक मी. नवीन स्पायरल फिरवताना त्याचा हात एकदा घसरला आणि बाईंच्या तोंडून आवाज निघाला, जसा कुणी भाजल्यावर निघतो. पाचला बारा मिनिटं कमी असताना चार प्रती तयार झाल्या. संशोधन विभागाच्या खिडकीत आतल्या माणसानं आरामात पानं मोजली, सह्या तपासल्या, शिक्का शाईत बुडवला, परत ठेवला, कुणाशी तरी फोनवर बोलला, मग मारला. बाई पावती हातात घेऊन तिथल्याच पायरीवर बसल्या आणि मोठमोठ्यानं रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होते, एका पायात चप्पल नाही अशी.

गेल्या महिन्यात त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाची पक्की बांधलेली प्रत नियमाप्रमाणे ग्रंथालयात आली, आणि मी आभाराचं पान उघडलं. मार्गदर्शकांनंतर, नवऱ्याच्या आणि सासूच्या आधी, माझं नाव आहे. 'ज्यांच्या सावध नजरेमुळे या स्त्रियांचे शब्द वाचले' असं लिहिलंय. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. अक्षरं सगळी बरोबर आहेत, एकही चूक नाही. परवा त्यांचा फोन आला होता. गावात त्यांचा सत्कार आहे, शाळेच्या पटांगणात, मुलाखती दिलेल्या बायकांपैकी ज्या आहेत त्याही येणार आहेत. "तुम्ही स्टेजवर बसायचं," त्या म्हणाल्या. "त्या सगळ्याजणींना मी तुमच्याबद्दल सांगितलंय. न्हाय म्हणायचं न्हाय हं मॅडम."

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तुमच्याकडं जाणारं टपाल नाही, आणि ज्यांना खरं तर पाठवायला हवं त्यांचा पत्ता माझ्या रजिस्टरमध्ये आहे. तरी तुम्हालाच लिहितेय. मी त्यांना म्हणाले, येता येणार नाही, रविवारी ड्युटी आहे.

रविवारी मला सुट्टी असते, आबा. दर रविवारी.