पाच जणींचे फॉर्म

अमरावती
२७ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

प्रिय आचल,

आमच्याकडून जय भीम आणि तुमच्या घरच्या सगळ्यांना रामराम. काकूंना माझा नमस्कार सांग. मांडीतली सळई अजून ठणकते का, कुबडीशिवाय किती पावलं टाकतेस, ते कळव. इकडे आम्ही बरे आहोत. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, तरी काल सुट्टी पाहून तिनं कुरडया घालायला घेतल्या आणि चीक ढवळायला मला बसवलं. आज दंड उचलत नाहीत. त्यात ऑफिसात मराठी दिन होता. हस्ताक्षर स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. पहिला साहेबांचा. साहेबांच्या पुढे जायची कोणाची टाप आहे बाप्पा!

तू म्हणशील, ही पोट्टी पत्र काहून लिहून राहिली, फोन मेला का हिचा? फोन चांगला धडधाकट आहे. पण तुझा आवाज ऐकला की मी कुरडयांवर येते, उन्हावर येते, साहेबांवर येते. दीड महिना झाला, मी हेच करते आहे. म्हणून कागद घेतला.

सोमवारी तू म्हणालीस, "रविवारी ट्रॅकवाले जबाब न्यायले येऊन राहिले. तुले चांगलं लिहिता येते, तूच लिहून दे, मी सही मारते." काय लिहायचं तेही सांगितलंस. वळणावर मी घाबरले, वेळेत ब्रेक दाबला नाही, चूक सर्वस्वी माझी. मी हो म्हटलं. चार दिवसांत तीन कागद फाडले. 'मी, आचल खुशालराव' एवढं सुबक येतं आणि पुढे हात चालत नाही.

तुझं नाव लिहून मी तिथं बसून राहते.

हे बघ, तुला त्या सकाळचं काही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की होतं असं, ते परत यायचं नाही. मग तुला जे आठवतं असं वाटतं, ते आलं कुठून? ते माझं आहे, आचल. दवाखान्यात काकूंनी माझा हात धरून विचारलं, "काय झालं वं बाई माह्या पोरीले?" आणि माझ्या तोंडून निघालं, "काही नाही काकू, घाबरली असंल. ब्रेक मारायले उशीर झाला." बस, एवढंच. काकूंनी ते तुझ्या भावाला, बंडूला सांगितलं, आणि तू शुद्धीवर आलीस तेव्हा त्यानं तुला. आता तू ते लोकांना सांगतेस, तेही असं की मलाच खरं वाटावं. 'माझी बोटं गारठली होती,' म्हणतेस. कुठली गारठली? बारा जानेवारीला मूर्तिजापुरात ऊन पडलं होतं चांगलं.

आणि हे इथवर येईल असं मला वाटलं नव्हतं. परवा बंडू फोनवर म्हणाला, मोटारसायकलला गिऱ्हाईक पाहून राहिलो, आणि ताई आता स्कुटीकडेही पाहत नाही. म्हणते, माझा हात ऐन वेळी चालत नाही, कोणाला तरी मारून टाकीन मी. म्हणे रस्ता ओलांडायलाही काकूंचा हात धरतेस. ते ऐकून मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या मागे जाऊन रडले.

तर त्या सकाळचं सांगते. मूर्तिजापूरच्या अलीकडे आपण पाचही जणी चहाला थांबलो. बाकीच्या तिघी फोटो काढत होत्या. तू गाडीवर बसून पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबून पाहिलीस आणि म्हणालीस, "दीक्षे, ब्रेक आज पोचट लागून राहिला. पार आत जाते वं." मी म्हटलं, "तिथं तपासतात नं सगळं. चल लवकर, आठला गेट बंद होते." आणि तू निघालीस.

तो ट्रॅक तुला आठवतो का, तेही मला माहीत नाही. जुन्या सूतगिरणीच्या आवारात केलाय, वेगात गाडी चालवायला शिकवतात तिथं. गेटवर प्रत्येकीला एकेक फॉर्म दिला. बावीस प्रश्न होते. टायर कसे आहेत, चेन किती ढिली, तेल गळतं का, झोप झाली का, काही औषध घेतलं का. टोपीवाला एक माणूस माइकवर दोनदा ओरडला, "ज्याची गाडी त्यानंच पाहायची, ज्याचा फॉर्म त्यानंच भरायचा. तुमच्या जिवाचं तुम्ही पाहा, मग आम्ही पाहतो." मला हसू आलं. तुला माझी खोड माहीत आहे. ऑफिसात अर्धा गाव माझ्या टेबलासमोर उभा असतो, मॅडम, तेवढं भरून द्या नं. मी कोणालाच नाही म्हणत नाही. माझं अक्षर चांगलं, माझा हात भरभर, मला त्यात मोठेपणा वाटतो. खरं सांगते, वाटतो.

पाचही फॉर्म मी ओढून घेतले, सीटवर ठेवले आणि सुटले. होय, होय, होय. तुझ्या फॉर्मवर सहावा प्रश्न होता, पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबल्यावर घट्ट लागते का. त्याच्या खाली, ब्रेक ऑइल वर्षभरात बदललं आहे का. चहावरचं तुझं बोलणं होऊन अर्धा तासही झाला नव्हता. गडबडीत विसरले असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण विसरले नव्हते. पेन थांबला होता माझा. मग वाटलं, एक 'नाही' लिहिलं की तुझी गाडी बाजूला काढतील, तुझं तोंड पडेल, दोन महिने वाट पाहिलेल्या दिवसाचा विचका होईल. मी 'होय' लिहिलं. दोन्हीकडे लिहिलं. तू न वाचता सही केलीस आणि आपल्यातल्या रागिणीला म्हणालीस, "दीक्षानं भरला नं, मंग झालं."

तपासणाऱ्यासमोर ही लांब रांग होती. त्यानं फॉर्म पाहिला, लिव्हर एकदा दाबली, गाडीवर स्टिकर लावलं. पुढे धडकेत गाडीचं तोंडच चेपलं, त्यामुळे ब्रेकचं कोणी पाहिलंही नाही.

आता सांग, चूक कोणाची? मला खरंच कळत नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडते आणि वाटणी करत बसते. एक दिवस सगळी माझी निघते. दुसऱ्या दिवशी तुझा राग येतो. तुझी गाडी, तुझा ब्रेक, तुला कळलं होतं, मग चढलीस काहून? गणित शिकवतेस नं कॉलेजात? मी काय तुझी माय होते, 'चल' म्हटलं की निघायला? मग तो स्टिकरवाला आठवतो, त्यानं एकदाच का दाबून पाहिलं? मग पुन्हा मी. ऑफिसातली फाईल असती तर टिपणी लिहून वरच्या टेबलावर ढकलली असती. ही कुठं ढकलू?

आणि त्याहून मोठा घोळ पुढेच आहे. आज तुला वाटतं, 'मी घाबरले.' हे पत्र वाचल्यावर वाटेल, 'मला माहीत होतं तरी मी गेले.' एक ओझं काढून मी तुझ्या डोक्यावर दुसरं ठेवते आहे. यातलं जड कोणतं? तू अंथरुणात असताना हे सांगणं भलं की न सांगणं भलं? कधी वाटतं, सांगून मी फक्त माझं मन हलकं करते आहे. शेवटी काल चीक ढवळता ढवळता आईला सगळं सांगितलं. तिनं हातातला साचा खाली ठेवला. मग म्हणाली, "तिच्या मनानं काय घ्यावं, थे बी तूच भरून देशीन का? सांग तिले."

आता जे आईलाही सांगितलं नाही ते. माझ्या गटाच्या फेऱ्या संपल्या होत्या. लांब सरळ पट्टा जिथं संपतो, तिथल्या जाळीला टेकून मी उभी होते. तू आलीस. लाल खुणेपाशी टाकीवर वाकलेल्या सगळ्या उठून बसतात आणि ब्रेक दाबतात, तशी तूही उठलीस. तुझा उजवा हात माझ्याच बाजूला होता, दहा पावलांवर. बोटं आवळलीस. गाडीचा वेग कमी झाला नाही. बोटं सोडलीस, पुन्हा आवळलीस. पुन्हा सोडून पुन्हा. सकाळच्या वर्गात सांगितलं होतं, लिव्हर आत गेली तर घाबरायचं नाही, सोडून दाबायची, सोडून दाबायची. अगदी तसंच. मग मागचा ब्रेक दाबलास, चाक घासत गेलं, त्याची काळी रेघ नंतर मी पायानं चालून पाहिली. पुढे रागिणी होती. तिच्या डावीकडून तू टायरांच्या ढिगात गेलीस. मुद्दाम तिला चुकवलंस की गाडी आपसूक तिकडे गेली, हे मला सांगता येणार नाही. जे पाहिलं नाही ते आता मी लिहीत नाही.

तुझा जबाब मी लिहिणार नाही. राग येऊ दे. माझा मात्र लिहिला आणि आज दुपारी ट्रॅकवाल्यांना रजिस्टर पोस्टानं पाठवला. पाचही फॉर्म मी गाड्या न पाहता भरले, आचलच्या ब्रेकबद्दल शंका असताना होय लिहिलं, आणि जाळीपाशी काय पाहिलं, एवढं त्यात आहे. चहावर तू काय म्हणालीस ते त्यात नाही. ते तुझं आहे, सांगायचं की नाही ते तू पाहा. पुढे काय होईल ठाऊक नाही. पोलिसांत जाईल, नोकरीवर येईल, नाहीतर काही होणारही नाही. तरी मागे घेणार नाही.

काकूंना हे वाचून दाखव किंवा दाखवू नको. माझ्याशी बोल किंवा बोलू नको. बोलली नाहीस तर मला लय लागेल, पण येऊन दारात रडणार नाही, एवढी खात्री ठेव. गाडी विकायची तर विक, बाई, तुझी आहे. फक्त हात चालत नाही म्हणून विकू नको.

तुझा हात चालला होता, आचल. तीनदा चालला. मी पाहिला.

उशिरा सांगणारी,
दीक्षा