तू इनसाफबाई आहेस

२ नोव्हेंबर, रविवार
आज मीही मारलं! आठवीतल्या नजातला. भिंगाचा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला म्हणून. पट्टीचे दोन वळ, तळहातावर. मुख्याध्यापक मुजीब सर रबरी पाइपाचा तुकडा घेऊन वर्गावर्गात फिरतात म्हणून त्यांना नावं ठेवते, आणि माझा हात काय वेगळा? एका वर्गात पासष्ट पोरं. डोकं फिरतं.

म्हणूनच हा बॉट करायला घेतलाय. पोरांनी घरी फोनवर हवं तितक्यांदा विचारावं, तो वैतागणार नाही. सूचना मात्र मीच लिहायच्या. पहिली लिहिली – 'तू मदत करणारा शिक्षक आहेस.' विचारून पाहिलं तर बातम्या दिल्यासारखा बोलतो! खोडलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
जमतंय. मोघम लिहिलं की तोही मोघम बोलतो. नेमकं लिहायचं. 'उत्तर लगेच सांगू नकोस, आधी विचार – तुला काय वाटतं?' 'उदाहरणं उसाची, कालव्याची, पंपाची दे.' 'ढ, गाढव हे शब्द कधीच वापरू नकोस.' मुजीब सरांनी वाचलं. म्हणाले, "सगळं ठीक आहे बाई, पण ह्याला पाइप कुठे जोडायचा?"

परकं नाव दिलं तर पोरं टवाळी करतात. म्हणून लिहिलं – 'तू इनसाफबाई आहेस. माझ्यासारखीच बोल, फक्त चिडू नकोस.' आणखी एक – 'घरात कोणी गेलं असं मुलानं लिहिलं तर धडा थांबव. आधी दुखवटा कळव.' ही ओळ लिहून स्वतःवरच खूश झाले.

६ नोव्हेंबर, गुरुवार
जाबरनं बखीत अबू सबआला गोळ्या घातल्या. माझ्या सख्ख्या चुलतभावानं, नजातच्या बापाला. पाण्याच्या पाळीवरून! तीन गोळ्या, एक तोंडावर. माणूस कालव्यात पडला. खाली बायका भांडी घासत होत्या, त्यांच्या हातात लाल पाणी आलं.

जाबर पळाला. पळेल नाही तर काय! तसल्या उडाणटप्पूला मारून अबू सबआंचं काय भरून निघणार? इथे रक्ताच्या बदल्यात घराण्यातला सगळ्यात लायक माणूस जातो. आम्हा जबालींत लायक एकच – फव्वाज. माझा भाऊ. असयूत शहरात डॉक्टर.

फोन केला. म्हटलं, गावात पाऊल टाकू नकोस.

९ नोव्हेंबर, रविवार
अबू सबआंनी दुखवट्याचा मंडप टाकलेला नाही. दार बंद. रक्ताचा हिशेब होईपर्यंत कोणाचाही दुखवटा घ्यायचा नाही, घेतला तर रक्त सोडून दिलं असा अर्थ. लहान पोरालाही हे ठाऊक असतं.

पण गावचे तंटे मिटवणारे शेख अवदल्ला मध्ये पडलेत. तीन दिवस त्या घराच्या ओट्यावर बसून होते. शेवटी बखीतची बायको कबूल झाली! शुक्रवारी फव्वाजनं अनवाणी, उघड्या डोक्यानं, स्वतःचं कफन हातावर घेऊन त्यांच्या दारात जायचं. ते कफन घेतील, त्याला सोडतील. मग मंडप, मग दुखवटा, संपलं.

फव्वाज फोनवर हसतोय. "ताई, कफन मापाचं आण हं. ईदचा झब्बा आखूड आणला होतास." मेल्या! रडू का हसू?

१२ नोव्हेंबर, बुधवार
या गडबडीत बॉट पाहिलाच नव्हता. आज पोरांची बोलणी उघडली.

नजात, काल संध्याकाळी – 'बाई, बाबांना मारलं. माझा भिंगाचा धडा राहिला.'

उत्तर – 'नजात, ऐकून फार वाईट वाटलं. माझा दुखवटा स्वीकार. धडा आपण नंतर करू.'

'हो बाई. धन्यवाद.'

आणि वर नाव – इनसाफबाई.

जबालींच्या मुलीनं अबू सबआंच्या घरात दुखवटा पाठवला, कफन पोचायच्या आधी! आणि त्यांच्या मुलीनं घेतला! काय बोलावं ते लिहिलं, कधी बोलू नये ते लिहिलंच नाही. मी! ह्याच मातीत जन्मलेली! ती ओळ खोडली. पण नजातच्या फोनमधलं कसं खोडू?

१३ नोव्हेंबर, गुरुवार
नजात शाळेत आली. ओठ फाटलेला, मनगट सुजून टम्म. "दादानं फोन वाचला, बाई. चुलत्यांसमोर मोठ्यानं. काका म्हणाले, जबालींच्या पोरीकडून दुखवटा घेतलात? मग आता बायकांसारख्या डोक्यावर ओढण्या घ्या! मग दादानं मला..." मी तिचा हात धरला तर ती दचकली.

धावत शेखसाहेबांकडे गेले. म्हटलं, ते मी नाही लिहिलं, यंत्रानं लिहिलं! त्यांनी शांतपणे विचारलं, "मुली, यंत्राला तुझं नाव कोणी दिलं?"

वर म्हणाले, अबू सबआंनी शब्द दिलाय, ते शब्द मोडणार नाहीत. फव्वाजला अकरा फोन केले. "ताई, मी नाही आलो तर ते आपल्यातल्या दुसऱ्या कोणालातरी धरतील. येतोय."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पुलावर. सात गोळ्या. सगळं गाव बघत होतं. दोन्ही हात कफनाखाली अडकलेले, तोंडासमोर हातही धरता आला नाही.

त्यातच गुंडाळला. माप बरोबर होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
मुजीब सर आले. पाइप नव्हता हातात. दाराबाहेर उभे राहून रडले. मी दार उघडलं नाही. आतूनच म्हटलं, आम्ही दुखवटा घेत नाही.

मग बाकीचे चुलतभाऊ आले. त्यांना आत घेतलं. म्हणाले, "अबू सबआंत सगळ्यात लायक कोण? तू तर सगळ्यांना शिकवलंयस."

मी नाव सांगितलं.