ताट उचलायच्या आधी

आबा, काल पुन्हा दवाखान्यात जाऊन आले. बीपी, पोटातला अल्सर, झोपेचा पत्ता नाही, सगळी जुनीच रड. कंटाळले बाई आता त्या गोळ्यांना. नव्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी विचारलं, "बचपन में घर का माहौल कैसा था?" मी पटकन म्हटलं, "अच्छा था. फौजी घर था." सोबत आलेली लेक फिसकन हसली. "मम्मी खाना चबाती नहीं, निगलती हैं. जैसे कोई छीन लेगा." बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, लहानपणी रोज भीत जगलेलं शरीर पुढेही भीतच राहतं, आणि ते कधी पोटावर निघतं, कधी रक्तदाबावर. खरं सांगितलंत तर नीट इलाज करता येईल. सोमवारी बोलावलंय, तोवर आठवून ठेवा म्हणाल्या. आता विसरलंय कोण?

लखनौच्या छावणीतलं आपलं क्वार्टर. मी चौथीत. वळणावर तुमच्या स्कूटरचा आवाज येतो आणि आई बोलणं अर्धवट टाकून ताटं मांडायला उठते. जेवायला आपण तिघं खाली बसतो. घरातही नियम फौजेच्या लंगरचाच, तुम्ही उठलात की सगळे उठले. तुमचं दहा घासांत आटपायचं. हात धुवायला तुम्ही मोरीतला नळ सोडलात की आईनं माझं ताट उचलायचं, त्यात काही का उरलेलं असेना. एकदा बटाटा घशात अडकला, ठसका लागला, तर पाणी देण्याऐवजी तुम्ही थोबाडीत दिलीत. "लढाईत तुझ्यासाठी कोण थांबणार आहे?" म्हणालात. कसली लढाई, आबा? वरणभात होता तो. मला तुमची फार भीती वाटायची.

नुसते वाईट असतात ना, तर सोपं गेलं असतं. पाचवीत पहिली आले तेव्हा तुम्ही मला स्कूटरवर अमीनाबादच्या बाजारात नेलंत आणि कुल्फी घेऊन दिलीत. मी भराभर चावायला लागले तर म्हणालात, "सावकाश गं, दात शिवशिवतील." तिथं नळ नव्हता. माझी कुल्फी संपेपर्यंत तुम्ही त्या गर्दीत उभे राहिलात, एकदाही घड्याळ बघितलं नाहीत. तेवढं एकच खाणं मला चवीसकट आठवतं.

मग आई गेली, तुम्हाला लकवा झाला आणि तुम्ही इथं गोमती नगरला माझ्याकडे आलात. चमच्यानं भरवायला पाऊण तास लागायचा. एका दुपारी ऑफिसला परत जायला उशीर होत होता, पण उशिराचं निमित्तच म्हणा. निम्मा भात शिल्लक होता. मी उठले, बेसिनचा नळ सोडला, हात धुतले आणि तुमचं ताट उचललं. पुढच्या घासासाठी तुम्ही तोंड उघडून बसला होतात. नळाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि हळूच तोंड मिटलंत. तुम्हाला कळलं होतं.

हे पत्र औषधांच्या फाईलमध्ये ठेवतेय, तुम्ही गेल्यावर दुसरीकडे कुठे पाठवणार? सोमवारी बाईंना नळाचं सांगेन, थोबाडीत दिल्याचंही सांगेन. त्या दुपारचं नाही सांगणार. कारण ताट उचलताना मला बरं वाटलं होतं, आबा.