बुरशी पुसलेल्या बिया

प्रिय ताई,

बाळाचा ताप उतरला. दोन दात आलेत, ते माझ्यावरच चालवून बघतो. मी मात्र अजून थाऱ्यावर नाही. आधी काय सांगू तेच कळेना.

तू शब्द टाकलास म्हणून मॅडमनी मला प्रयोगशाळेत घेतलं. काम तसं सोपं. तळ्याच्या तळातून काढलेला गाळ चाळायचा, त्यातल्या बिया चिमट्याने वेचायच्या, वाळवून बाटलीत भरायच्या. मॅडम मला चिमणीच म्हणतात. त्या या बियांचं वय काढतात. सगळीकडे बर्फ होतं तेव्हा म्हणे मधेच ऊब यायची, झाडं उगवायची, मग परत गारठा. ती ऊब कधी आली ते बियांतल्या कार्बनवरून कळतं. त्यातला एक कार्बन झिजत जातो, जितका कमी उरला तितकी बी जुनी. मला ते हजारो वर्षांचं काही झेपत नाही गं. लेकराला नववा महिना की दहावा, तिथेच मी अडखळते.

त्या दिवशी शेजारणीचा फोन आला, बाळ तापाने फणफणलंय. मी ओल्या बिया तशाच खिडकीत टाकून पळाले. चार दिवसांनी आले तर वर पांढरी बुरशी. ब्रशने पुसली, बिया वाळवल्या, बाटली भरली. कुणाला बोलले नाही. एवढ्याशा बुरशीने काय होतंय, वाटलं.

परवा त्यांचं वय आलं, अठ्ठावीस हजार वर्षं. मॅडम नाचायच्याच बाकी होत्या. तेव्हा तर कडाक्याची थंडी होती असं सगळे धरून चाललेत, आणि या बिया उबेतल्या झाडाच्या. म्हणाल्या, चिमणे, नवी ऊब सापडली, तुझी चोच सोन्याने मढवते बघ. मी हसले. आणि काल नव्या पोरींना शिकवताना त्याच म्हणतात, बिया ओल्या ठेवू नका, बुरशीबरोबर आजचा कार्बन चिकटतो आणि जुनी बी तरुण दिसते.

म्हणजे ती ऊब तेव्हा आलीच नव्हती का? की आली होती आणि मी उगाच घाबरतेय? त्याच थराचा थोडा गाळ अजून फ्रिजमध्ये आहे, परत वेचता येईल. पण सोमवारी मॅडम मोठमोठ्या लोकांपुढे हे सांगणार. मी बोलले तर नोकरी जाईल. गप्प बसले तर त्यांचं हसं होईल.

दोनदा फोन हातात घेतला. पण तू गप्प बस म्हणाली असतीस, आणि तुझं मी लहानपणापासून ऐकत आलेय. म्हणून हे पत्र. तुझ्या हातात पडेल तोवर मी मॅडमना सांगून टाकलेलं असेल. त्यांनी काढलंच, तर बाळाला घेऊन तुझ्याकडेच येईन. रागाव, पण दार उघड.

तुझीच,
धांदरट धाकटी