समोरच्या बाजूचे टोले

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय शशिधर,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, पण उत्तर देत नाहीस. म्हणून हे पत्र. फाडायला दोन हात लागतात, तेव्हा तुला वाचावंच लागेल. वाईट बोललो, पण खोडत नाही. तुझ्याशी मी जपून कधी बोललोय?

मागच्या महिन्यात गडहिंग्लजला आलतो. तुझ्या अव्वांनी भाकरी वाढली आणि म्हणाल्या, तो झोपलाय. आतल्या खोलीतून तुझा खोकला ऐकू येत होता. त्या माऊलीला खोटं पाडायचा धीर झाला नाही. जेवलो आणि एसटी धरली. बसमध्ये तुला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या, ते लिहीत नाही.

युगांडातल्या शाळेतली नोकरी सोडून आलास, त्या आठवड्यातच माझ्या क्लासमध्ये केळीचे दोन बुंधे आडवे टाकलेस, त्यांवर लाकडी पट्ट्या मांडल्यास आणि मला समोर बसवलंस. तिथल्या गावात असंच वाजवतात म्हणालास. दोघं समोरासमोर, पट्ट्या त्याच, एकाच्या दोन टोल्यांमधल्या मोकळ्या जागेत दुसऱ्याचा टोला. चाल एकट्याच्या हातात नसतेच, दोघांच्या मिळून ऐकू येते. मी एवढा गाण्याचा मास्तर, पण माझे टोले तुझ्या टोल्यांवर आपटत होते, आणि आरं माझ्या जागेत कशाला घुसतोस म्हणून तू खेकसत होतास. त्यातूनच आपली रचना उभी राहिली. शिवाजी पेठेतल्या केरबाची हलगी आली, बँडवाल्यांचं क्लॅरिनेट आलं, बघायला येणाऱ्यांच्या टाळ्यासुद्धा तू बसवल्यास. नुसता ऐकणारा कुणी राहताच कामा नये, हा तुझा हट्ट.

तुला तो लकव्याचा झटका आला, उजवा हात गेला, तेव्हापासून सरावात तुझी बाजू रिकामी होती. मीच कुणाला बसू दिलं नाही. तुझे टोले मोबाईलमध्ये होते, ते स्पीकरवर लावून मी समोर वाजवायचो. काय हात होता रे तुझा! पण मी जरा अडखळलो की स्पीकर पुढं निघून जायचा. तू असं मला टाकून कधी गेला नाहीस. सगळे सहन करत होते. शेवटी केरबाच भडकला. जित्ता हाय की तो, म्हणाला, फोटोला हार घातल्यागत काय चाललंय तुमचं?

काल त्यानं स्पीकर बंद केला, हलगी खाली ठेवली आणि न विचारता तुझ्या बाजूला येऊन बसला. ऐकून ऐकून त्याला तुझा एकेक टोला पाठ झालाय. आधी चुकला, मीही चुकलो. मग मी अडखळलो तिथं तो थांबला, आणि चाल उठली, शशिधर. अगदी आपली, जशीच्या तशी. सगळ्यांनी टाळ्या धरल्या. मी मात्र बाहेर जाऊन ढसाढसा रडलो, कारण तुझ्याशिवाय ती उठू नये असंच मला वाटत होतं. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. तुझ्या जागी केरबा बसेल. मी हो म्हटलंय. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी लिहायला बसलो.

तुझाच, अजूनही तुझाच,
विजयसिंह