पास आऊट

दिंद्रुड,
६ मार्च २०२५

चि. वैष्णवीस,

फोन उचलायचा न्हाई, घरी यायचं न्हाई, आन बापाला धाडून द्यायचं. कसली रीत ही? धोंडीराम चौदाव्याच्या गोड जेवणाला एकटाच आला, मान खाली घालून बसला आन परळीला माघारी गेला. भाची कावून आली न्हाई म्हणलं तर म्हणला, तिचं डोकं दुखतंय. अजून दुखतंय व्हय? म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, लावून वाच. वर श्री लिहिली न्हाई. हात उचलला न्हाई.

इथं सगळं चालू हाय. आमचे मालक शेरडं घेऊन रानात जातात, दिवस मावळता येतात, ताटावर बसत न्हाईत. मी म्हशीची धार काढते. हाताला समजतं, मला काही समजत न्हाई. बाया म्हणतात रड, मोकळी हो. कुठून आणू रडू?

परवा नळावर शेजारच्या कडूबाईनं चारचौघींत तोंड टाकलं, ‘केसरीनं मेलेल्या लेकाचे पेढे खाऊ घातले आमाला.’ तिच्या जावयानं सांगितलं म्हणं, पास आऊट म्हंजी मेला.

तुला इंग्रजी समजतं म्हणून सुरजनं चेन्नईच्या कंपनीत तुझा नंबर दिलता. तिथल्या माणसाचा फोन तुलाच आला. तू मला कळवलंस, सुरज पास आऊट झाला. मी म्हणलं, ट्रेनिंग पास झालं पोरगं. गल्लीभर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, सुरज गेला. मग मी पेढे वाटले तवा माझं लेकरू जितं होतं का मेलेलं? कडूबाईसाठी न्हाई, मला पायजे जबाब.

तुझी आत्या
केसर


परळी वैजनाथ,
१२ मार्च २०२५

ती. आत्यास वैष्णवीचा सा. न. वि. वि.

अक्षर लागलं. जिवंत होता, आत्या. कडूबाईचा जावई चुकला. मेल्याला इंग्रजीत ‘पास अवे’ म्हणतात. ‘पास आऊट’ म्हणजे शुद्ध हरपली, चक्कर येऊन पडला.

पण आमच्या कॉलेजात शिक्षण संपवून बाहेर पडला की पास आऊट झाला म्हणतात. सरसुद्धा तसंच म्हणायचे. मी नंतर शोधून वाचलं. हा अर्थ म्हणे फौजेतून आला. जवानांचं शिक्षण संपलं की ते कवायत करत बाहेर जातात. पास म्हणजे ओलांडणं, आऊट म्हणजे बाहेर. फाटकाबाहेर गेला तरी तेच, शुद्धीबाहेर गेला तरी तेच. दादाचं ट्रेनिंग त्याच आठवड्यात संपणार होतं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

तो माणूस म्हणाला, सुरज पास्ड आऊट. मी म्हणाले, थँक यू, व्हेरी हॅपी. मग तो तेच पुन्हा हळू म्हणाला. मी पुन्हा थँक यू म्हणाले.

दादा भट्टीजवळ पडला होता. तू पेढे वाटत होतीस तेव्हा दवाखान्यात त्याचा श्वास चालू होता. दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. मला नीट कळलं असतं तर तू गाडी धरली असतीस. पोचली असतीस का, माहीत नाही.

इंग्रजीचा क्लास बंद केलाय. बोर्डासमोर उभी राहिले की खडू हातात तसाच राहतो. मी कोणत्या तोंडानं येऊ? लोभ ठेव असं लिहायला धीर होत नाही.

वैष्णवी


॥ श्री ॥

दिंद्रुड,
१९ मार्च २०२५

चि. वैष्णवीस आत्याचा आशीर्वाद.

पत्र आधी मी वाचलं, मग मालकांना वाचून दाखवलं. शेरडांकडं बघत बघतच त्यांनी इचारलं, म्हंजी पेढे जित्या लेकाचे होते? मी म्हणलं, व्हय. त्या दिवशी दोघं जेवलो.

मी पोचले असते का न्हाई, मला बी माहीत न्हाई. पण एक ऐक. तुझा आजा वारला तवा माहेराहून आश्रुबा निरोप घेऊन आलता. म्हणला, आबा गेले. मी म्हणलं, पाटोद्याच्या बाजाराला का? येताना मला हिरव्या बांगड्या आणा म्हणावं. मग आश्रुबानं वर बोट केलं. आपल्यात ‘गेला’ म्हंजी बाजाराला बी आन वर बी. आपल्याच बोलीत मी चुकले, तर तू साहेबाच्या बोलीत चुकलीस त्याचं काय एवढं? मला कुणी बोल लावला न्हाई. मी तुला लावणार न्हाई.

कडूबाईला सांगितलं, पास अवे निराळं, पास आऊट निराळं. ती म्हणली, इंग्रजी कवा शिकलीस गं? मी म्हणलं, लेकानं शिकवलं, जाता जाता.

रडू अजून आलं न्हाई. येईल तवा येईल. तू क्लास चालू कर, मास्तरीणबाई. पोरांना दोन्ही अर्थ सांग.

पाडव्याला आमची गुढी न्हाई, पहिलं वर्ष हाय. पण माहेरच्या माणसानं गोड घास भरवल्याबिगर दुखवटा निघत न्हाई. धोंडीरामनं आणलेलं मी म्हशीला घातलं. त्या पेढ्यानंतर माझ्या तोंडात गोड गेलं न्हाई आन दुसऱ्या कुणाच्या हातानं जाणार न्हाई. तू आण. साखरेच्या गाठी नकोत, पेढेच आण.

लोभ ठेव म्हणायचा धीर झाला न्हाई म्हणतीस. ठेवलाय. येतीस का न्हाई ते मंगळवारच्या आत कळव. डोकं दुखतंय हा जबाब चालणार न्हाई.

केसर आत्या